बोअरची वही कशी ठेवावी, आणि मत बदलणाऱ्या माणसाचं काय करावं

वही शंभर पानी घ्या, जाड पुठ्ठ्याची. मोबाईलमध्ये लिहू नका. मोबाईलमधलं मागाहून खोडता येतं आणि खोडलेलं कुणाला कळतही नाही. पेन बॉलपेनच ठेवा, बोअरवर भुकटी आणि पाणी दोन्ही उडतं.

मी औसा तालुक्यात बोअरच्या गाड्यांचा एजंट आहे. गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, पोरंही तिकडचीच. मी गिऱ्हाईक आणायचं, जागेवर उभं राहायचं, फूट मोजायचे आणि हिशोब करायचा. बावीस वर्षं झाली. या धंद्यात दोन वाक्यं रोज कानावर पडतात. एक, "अजून पन्नास फूट मारा." दुसरं, "त्या मीटरवाल्यांचं काय खरं नाही, दरवेळी येगळंच सांगतात. आपला पाणाडी बरा, एकच सांगतो." पाणाडी म्हणजे हातात नारळ धरून पाण्याची जागा दाखवणारा, मीटरवाला म्हणजे यंत्रानं जमीन तपासून दाखवणारा. पहिल्या वाक्याकडं शेवटी येतो. दुसऱ्या वाक्यावर माझाही बरीच वर्षं विश्वास होता. तो वहीनं घालवला, म्हणून ती कशी ठेवायची ते सांगतो. बोअर मारायचा नसला तरी चालेल. बियाणं, औषध, हवामान, गुडघेदुखीचा लेप, कशाचीही वही अशीच ठेवता येते.

पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं तारीख, गट नंबर, जागा कुणी दाखवली, पाणी किती फुटांवर सांगितलं, किती इंच, म्हणजे धार किती मोठी, सांगितलं. उजवीकडं खरं काय निघालं. डावी बाजू हॅमर जमिनीला लागायच्या आधी भरायची, आणि सांगणाऱ्याच्या समोर भरायची. सगळी गोम या एका अटीत आहे. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. एका पाणाड्यानं "दीडशेला धो धो" असं सांगितलं होतं. दीडशेला नुसती कोरडी भुकटी, दोनशेला भुकटी, दोनशे ऐंशीला जेमतेम दीड इंच लागलं. चार दिवसांनी मारुतीच्या पारावर मी कानांनी ऐकलं, "काय माणूस आहे! दोनशे ऐंशी म्हणला, दोनशे ऐंशीलाच लागलं." सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. मीही मान डोलावली असती, पण खिशात वही होती आणि तिच्यात १५० लिहिलं होतं.

आता एक रकाना असा, जो सुरुवातीला मला सुचला नव्हता. "जागा कुणी दाखवली" या खाली कधी पाणाडी येतो, कधी मीटरवाला. पण कितीतरी बोअर असे असतात की जागा कुणीच दाखवलेली नसते. बांधावर गाडी वळायला जागा आहे, विजेचा खांब जवळ आहे, बस्स, तिथंच मारला. माझ्या वहीत अशांपुढं "गा. व." लिहिलेलं आहे, म्हणजे गाडी वळते. ते लिहायला लागलो तेव्हा नुसती गंमत होती. तीन वर्षांनी एका पावसाळ्यात काम बंद होतं म्हणून बसून मोजलं. नारळवाल्यांचे बोअर एकीकडं, "गा. व." एकीकडं. पाणी लागलेल्यांचं प्रमाण दोन्ही ढिगांत सारखंच निघालं. मी दोनदा मोजलं, मग बायकोकडून मोजून घेतलं.

याचा अर्थ पाणाड्याच्या जागेवर पाणी लागतच नाही असा नाही. लागतं की! ओढ्याकाठच्या शिवारात कुठंही मारा, थोडंफार लागतंच. पण पाणाड्याचं यश मोजताना आपण त्याचे लागलेले बोअर मोजतो, आणि ट्रकच्या चाकांनी दाखवलेले बोअर मोजायचं आपल्या मनातही येत नाही. तुमच्या वहीत "काहीच न करता काय झालं असतं" याचा रकाना नसेल तर ती वही म्हणजे सत्काराचं रजिस्टर होईल.

हे मोजताना मला आनंद झाला नव्हता, कारण नारळवाल्या ढिगातले बरेचसे बोअर तात्यांचे होते. तात्या माझे थोरले चुलते. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत पाणाडी म्हणून नाव. तळहातावर आडवा नारळ धरायचे, शेंडी पुढं करून. चालता चालता नारळ उभा राहिला की टाच रुतवायची, "हितं." पैसे कधी घेतले नाहीत, नारळ आणि पानसुपारी एवढंच. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. पण बोअर फेल गेला की तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. कुणीतरी पायात चप्पल घालून आलं, घरात सुतक होतं, मालकाच्या मनात शंका होती, गाडीवाल्यानं चार बोटं बाजूला मारलं. बावीस वर्षांत नारळ चुकला असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

आता मीटरवाल्या मॅडमची गोष्ट. याच गोष्टीसाठी वहीत आणखी एक रकाना वाढवायचा आहे.

मॅडम जिऑलॉजी शिकलेल्या, खासगी सर्व्हे करायच्या. चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. सळया जितक्या लांब लांब नेत जाल तितकं खोलचं कळत जातं. कोरडा काळा पाषाण करंटला अडवतो, पाणी भरलेला भेगाळ दगड किंवा मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक, त्याला वाट देतो. एका शेतात त्यांनी जागा दाखवली आणि माझ्यासमोर कागदावर लिहून दिलं, १६० ते २०० फुटांत पाणी लागण्याची शक्यता चांगली. आम्ही २८० पर्यंत गेलो. भुकटी. मध्ये पावणेदोनशेच्या आसपास लालभडक माती आली, हॅमर अडकला, तेवढंच.

शेतकऱ्यानं फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं. मला वाटलं, बाई आता काही या रस्त्याला दिसत नाही. पाचव्या दिवशी स्कूटीवर हजर. आल्या आल्या पहिला प्रश्न, "प्रत्येक रॉडची भुकटी ठेवलीय का?" ठेवली होती, दर वीस फुटांना मूठभर, गोणपाटावर ओळीनं. त्या उकिडव्या बसल्या, एकेक ढीग बोटांनी चोळला, लाल ढिगापाशी थांबल्या. म्हणाल्या, "गेरूनं फसवलं. ओला दगड आणि गेरू, दोन्हीतून करंट जातो, माझ्या मीटरला दोन्ही सारखेच दिसले. आजूबाजूच्या विहिरींत गेरूचा थर किती फुटांवर आहे ते आधी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

आपला मराठवाडा म्हणजे लाव्हाच्या थरांची चळत. एक थर वाहून आला, थंड झाला, त्याच्या माथ्यावर कुजून लाल माती झाली, तिच्यावर पुढचा थर आला. ती माती म्हणजे हा गेरू. त्यानंतर मॅडम कुठल्याही शेतात सळया ठोकायच्या आधी अर्धा दिवस शेजारच्या विहिरींत वाकून बघत फिरायच्या. दर वाढवला नाही, वेळ वाढवला. आणि गावात काय बोललं गेलं? "बघा, आधी नुसतं मीटर लावायच्या, आता विहिरी बघायलेत. म्हणजे आधीचं सगळं खोटंच की!"

मला विचाराल तर त्या दिवसापासून त्यांच्या कागदाची किंमत वाढली. त्या शेतकऱ्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच. मॅडमचं नाव काढलं की तो आजही थुंकतो, आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. पण पुढच्या शेतकऱ्याचे वाचले असतील तर ते त्या अर्ध्या दिवसामुळं.

म्हणून शेवटचा रकाना: "चुकल्यावर काय म्हणाले, आणि पुढच्या वेळी काय बदललं." हा रकाना भरायला वर्षं लागतात. तात्यांच्या पानांवर तो "चप्पल", "सुतक", "शंका" अशा शब्दांनी भरलेला आहे. त्या कारणांनी नारळ धरायची पद्धत बोटभरही बदलली नाही. मॅडमच्या पानावर "गेरू" असं लिहिलंय आणि खाली पुढच्या अकरा सर्व्हेंत "शेजारची विहीर पाहिली" अशी नोंद आहे. मॅडमचे बोअर "गा. व." पेक्षा थोडे बरे दिसतात, पण ते इतके थोडे आहेत की त्यावरून छाती ठोकून काही सांगता येणार नाही.

आता परीक्षा कशी घ्यायची ते. बोअर मारायला पैसे लागतात, पण पाणाड्याची परीक्षा फुकटात होते. एक शेत घ्या. पाणाड्याला फिरू द्या, तो सांगेल तिथं खुंटी ठोका. मग डोळ्यांवर फडकं बांधून, दुसऱ्या टोकाकडून, त्याच शेतात पुन्हा चालवा. पाणी काही हललेलं नसतं. नारळ पुन्हा त्याच खुंट्यांपाशी उभा राहायला हवा. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. दोन मजली कोठार, खाली पाण्याचा पाइप दर वेळी जागा बदलणार, वर पाणाडी चालणार. शेकडो पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण, ८४३ चाचण्या. बहुतेकांना अंदाजापलीकडं काही जमलं नाही. करणारे म्हणाले, पण काही मोजक्यांना जमलं. मग दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं त्यांचेच आकडे घेऊन दाखवलं की तेच मोजके पुन्हा चालले की त्यांनाही जमत नाही. आकडे सगळ्यांसमोर मांडले होते म्हणून दुसऱ्याला ते तपासता आले.

मी तात्यांना विचारलं. वाटलं होतं रागावतील, पण ते लगेच तयार झाले. त्यांचा विश्वास खरा होता, भ्यायचं काय कारण? आमच्याच माळाच्या रानात फक्कीनं पाच फुल्या मारल्या. मग फडकं बांधलं, मी दंडाला धरून चालवलं. नारळ सहा वेळा उभा राहिला. एक जागा एका फुलीपासून चार पावलांवर होती. बाकीच्या कुठल्या कुठं. फडकं सोडल्यावर तात्या बराच वेळ फुल्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "डोळे बांधल्यावर देव बी आंधळा व्हतो रे."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस घालवले. मला वाटतं ते वाटतं त्यापेक्षा खरं होतं. डोळे उघडे असताना तात्या काय बघायचे? उंबर कुठं, शिंदी कुठं, वारूळ कुठं, उतार कुणीकडं, उन्हाळ्यात हिरवी राहिलेली हरळी कुठं. ते ज्ञान नारळात नव्हतंच, नजरेत होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय यावर आहे. अमुक झाड, त्याच्याजवळ वारूळ, तर अमुक दिशेला इतके हात सोडून, इतक्या पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खोल पाणी. बरोबर आहे की चूक हे बाजूला ठेवा, पण दिशा, अंतर, खोली सगळं आधी सांगून ठेवलंय, म्हणजे खणून तपासता येतं. माझ्या वहीची डावी बाजूच म्हणा ना. उजवी बाजू भरत राहायचं काम पुढच्यांचं होतं.

"शास्त्रज्ञ पलटी मारतात" असं कुणी म्हणालं तर आमच्या तालुक्यात उत्तराला लांब जावं लागत नाही. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. मी तेव्हा नववीत होतो. सुमारे दहा हजार माणसं गेली, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की दख्खनचं पठार स्थिर आहे. १९८४ च्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती. म्हणजे शास्त्र साफ चुकलं होतं, आणि आमच्या डोक्यावर छत उरलं नव्हतं. त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येकाकडं पक्कं कारण होतं. पाप वाढलं, विसर्जनात काहीतरी अपवित्र झालं. ती कारणं आजही तशीच आहेत, शब्द न शब्द. त्यांतून एकही भिंत वेगळी बांधली गेली नाही.

चुकलेल्यांनी काय केलं ते बघा. किल्लारीत ६१७ मीटरचं भोक पाडलं. मी बोअरवाला, माझ्या हिशोबानं दोन हजार फुटांच्या वर! आमची गाडी हजार फुटाला धापा टाकते. त्यांना कळलं की आपल्या पायाखाली काळ्या पाषाणाचे थर सुमारे ३४० मीटर आहेत, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग जुना मूळ खडक. २००२ साली नकाशाच बदलला. सगळ्यात कमी धोक्याचा पहिला पट्टा देशातूनच काढून टाकला, किल्लारी तिसऱ्यात गेली. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचा त्या भूकंपाशी संबंध होता की नव्हता, यावर अजून एकमत नाही. ज्याला पटत नाही तो तसं लिहितो, आणि आकडे देऊन लिहितो. नवं घर बांधताना इंजिनिअर भिंतींवरून फिरणारा पट्टीचा बीम टाका म्हणतो, तो बदललेल्या मताचाच बीम आहे.

बदल दिसला की तो किती मोठा आहे तेही मोजा. हवामान खात्याची मान्सूनची देशाची सरासरी आधी ८९ सेंटिमीटर होती, मग ८८ झाली, आता ८७ आहे. माझ्या मेव्हण्यानं यावरून एका लग्नात अर्धा तास खात्याची टर उडवली. अहो, दर दहा वर्षांनी पन्नास वर्षांची नवी खिडकी घेऊन ती सरासरी काढतात, आताची १९७१ ते २०२० ची. एकोणनव्वदात दोन सेंटिमीटरचा फरक, याला पलटी म्हणत नाहीत. खरी फजिती २००२ ला झाली होती. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१. जुलैत तर जवळपास निम्माच पाऊस. १९८८ पासून वापरातलं १६ घटकांचं गणित त्यांनी पुढच्याच वर्षी बाजूला ठेवलं. त्याच वर्षी पंचांगात नक्षत्रांची वाहनंही होती, बेडूक, म्हैस, गाढव. त्यांचा हिशोब कुणी मांडला? मेव्हण्याला विचारलं तर तो जिलेबी वाढायला उठून गेला.

एक इशारा. मत बदलणारा प्रत्येक जण प्रामाणिक असतो असं धरू नका. पंप विकणारा दरवर्षी मत बदलतो, त्याच्या गोदामात जे येईल तसं. बोअरचा एजंटही बदलतो, मला विचारा. म्हणून बदल झाला की तीन गोष्टी विचारा. कशामुळं बदललं, म्हणजे कुठलं मोजमाप, कुठला गेरू? आधी काय म्हणत होता ते कबूल करतो की "मी हेच म्हणत होतो" म्हणतो? आणि या बदलातून पैसे कुणाच्या खिशात जातात? मॅडमचा अर्धा दिवस वाढला आणि दर तोच राहिला, हे मी वहीत मुद्दाम लिहून ठेवलंय. आणि सांगणाऱ्याला सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न एकच, "काय निघालं तर तुम्ही चुकलो म्हणाल?" मॅडम म्हणाल्या होत्या, दोनशेपर्यंत ओला दगड नाही आला तर. तात्या म्हणाले, "तसं व्हायचंच न्हाई."

आता ते पहिलं वाक्य. "अजून पन्नास फूट." सगळ्या अंदाजांनंतरही निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो, आणि तो भुकटीत उभं राहून, कॉम्प्रेसरच्या आवाजात घेऊ नका. आदल्या रात्री घरी बसून थांबायचा आकडा ठरवा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास, किंवा त्याहून खालचा बोअर खोल धरलाय आणि त्यावर बंधनं आहेत. ठरवलेला आकडा कागदावर लिहून घरातल्या अशा माणसाकडं द्या, जो बोअरवर येणार नाही. आमच्याकडं बहुतेक वेळा घरची बाई. मग पुढचा फूट मारायला तिला फोन करावा लागतो. मी एजंट असून हे सांगतोय, फुटामागं मला पैसे मिळतात. माझ्या ओळखीतली किती रानं "अजून पन्नास" मध्ये गहाण पडली ते मला त्याच वहीतून दिसतं. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तर लोक नऊशे फुटांवरही "अजून पन्नास" म्हणत होते आणि मीही गाडी पुढं पाठवत होतो. ती पानं मी फाडलेली नाहीत.

गेल्या दिवाळीत तात्या आमच्याकडं राहायला होते. आता त्यांना कमी दिसतं, नारळ हातात धरत नाहीत. एका संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "तुझी ती वही आण. माझी वाच."

मी पाणी लागलेले वाचायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"ते ठाव हाय मला. फेल गेलेली वाच."

मी वाचत गेलो. गाव, गट नंबर, तात्यांनी सांगितलेले फूट, निघालेली भुकटी. ते तंबाखू मळत ऐकत होते. मधेच एखाद्या शेताची खूण विचारायचे, बांध कुणीकडं होता, विहीर किती लांब. एका नोंदीपाशी त्यांचा अंगठा थांबला.

"थांब. तिथं शिंदी व्हती बघ वढ्याच्या कडंला. पण वाळलेली व्हती. मी शिंदी बघितली, वाळलेली हाय ते न्हाई बघितलं." थोडा वेळ गप्प बसले. "लिव्ह तसं."

मी समासात लिहिलं, त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "हां, फुडचं वाच."